ऑक्सिजनवरच्या बाळाचं सॅच्युरेशन १००? या चुका टाळा

नवीन रेसिडेंटला (शिकाऊ डॉक्टरला) मॉनिटरवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलंय तो आकडा, १०० दिसलं की हायसं वाटतं. ऑक्सिजनवर असलेल्या, सातव्या महिन्यात झालेल्या बाळाच्या बाबतीत मला तोच आकडा सगळ्यात जास्त खटकतो. सॅच्युरेशन शंभरला टेकलं की रक्तातला ऑक्सिजनचा दाब १०० आहे की ३००, हे बाळाला लावलेला प्रोब (सेन्सर) सांगूच शकत नाही. आणि डोळ्याच्या पडद्यातल्या अर्धवट वाढलेल्या रक्तवाहिन्या जादा ऑक्सिजनने बिघडतात. म्हणून ९० ते ९५ हीच मर्यादा. आमच्याकडे खालचा अलार्म ८९ वर, वरचा ९६ वर. ‘मग ८५ वरच ठेवू’ म्हणणारे अतिहुशारही भेटतात. ८५ ते ८९ मध्ये ठेवलेल्या बाळांचे डोळे जास्त वाचले, पण मृत्यू वाढले, हे मोठ्या चाचण्यांत दिसून गेलंय.

एकदा रात्री बाहेरच्या हॉस्पिटलमधून गर्भाच्या २८ आठवड्यांना जन्मलेलं बाळ आलं. चिठ्ठीत ऐटीत लिहिलेलं: ‘सॅच्युरेशन १००, स्टेबल’. ऑक्सिजन थेट सिलिंडरमधून, ब्लेंडर (हवा मिसळून ऑक्सिजनचं प्रमाण ठरवणारं यंत्र) नाही. सोबतच्या मॉनिटरचा वरचा अलार्म १०० वर, म्हणजे तो कधी वाजणारच नाही. विचारलं तर उत्तर, ‘सारखा वाजत होता, मॅडम.’ ब्लेंडरवर घेऊन ऑक्सिजन हळूहळू उतरवला, तर बाळ ३० टक्के ऑक्सिजनवर ९३ सॅच्युरेशन धरून शांत झोपलं. पुढे डोळ्यांना लेझर लागलं. तेवढ्यानेच झालं असं मी म्हणत नाही, पण ती गरज नसलेली मात्रा चुकवता आली असती. वरचा अलार्म फक्त साध्या हवेवरच्या बाळाचाच सैल करायचा.

दुसरी चीड आणणारी सवय: सॅच्युरेशन ७८ झालं, ऑक्सिजनचा नॉब ६० टक्क्यांवर फिरवला आणि पुढच्या बाळाकडे पळाले. अरे, आधी बाळाकडे बघा! छाती हलतेय का? सीपॅपचा (सतत दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा) प्रॉंग, म्हणजे नाकातली नळी, नाकात आहे की गालावर? मान दुमडलीय का? मॉनिटरवरची नाडीची लाट (वेव्हफॉर्म) नीट आहे का, ऑक्सिमीटरची नाडी ईसीजीशी जुळतेय का? श्वास थांबला असेल तर तळव्याला हलकं चोळल्यावर बरीच बाळं परत श्वास घेतात. नाही घेतला तर श्वास द्यायचा मास्क हाताशी हवाच. आणि ज्याने नॉब चढवला, त्यानेच तिथे उभं राहून तो उतरवायचा. माझ्या शिफ्टमध्ये यात सूट नाही.

बाकीचं पटकन. प्रोबची पट्टी करकचून बांधू नका, कातडी कागदासारखी असते. दर तीन-चार तासांनी जागा बदला. बीपीचा कफ असलेल्या हातावर प्रोब लावू नका. फोटोथेरपी (काविळीसाठीचे दिवे) चालू असेल तर प्रोब झाका. जन्मानंतर लगेच प्रोब उजव्या हाताला. पहिल्या मिनिटाला सॅच्युरेशन ६० ते ६५ आणि पाचव्याला ८० ते ८५ हे ठीक आहे, घाबरून ऑक्सिजन ओतू नका.

अशा बाळांच्या डोळ्यांची पहिली तपासणी जन्मानंतर चौथ्या आठवड्यापर्यंत. गर्भाच्या २८ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. ‘डिस्चार्जनंतर बघू’ चालणार नाही, तारीख केसपेपरवर आजच लिहा.