प्रभूच्या पुनरागमनाचा अभ्यास करताय? या चुका टाळा

कुठे युद्ध पेटलं की मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘शेवटचा काळ आला’चे व्हिडिओ फिरायला लागतात. प्रभू परत येणार, हे नायसिन मतांगीकारात, म्हणजे मंडळीच्या जुन्या विश्वासकबुलीतच आहे. त्यावर वाद नाही. घोळ होतो तो वाचनात.

सगळ्यात जुनी खोड तारीख काढायची. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाने दानीएल 8:14 मधल्या 2,300 दिवसांची वर्षं धरून हिशोब मांडला. त्यातून 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख ठरली आणि हुकली. रेडिओवरच्या हॅरल्ड कॅम्पिंगने 21 मे 2011 सांगितली. तीही हुकल्यावर 21 ऑक्टोबर. ‘दिवस नाही, पण वर्ष तर कळेल ना?’ ही पळवाट मत्तय 24:36 (तो दिवस, ती घटका कोणालाच ठाऊक नाही) सोबत प्रेषितांची कृत्ये 1:7 (काळ-समय जाणणं तुमच्याकडे नाही) वाचलं की बंद होते.

मग 666, प्रकटीकरणातल्या श्वापदाची संख्या. बारकोड झाला, लस झाली, आधार कार्डही सुटलं नाही. पण प्रकटीकरण लिहिलं गेलं ते इफिस, स्मुर्णा, पर्गम अशा रोमी आशिया प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सात मंडळ्यांना, आणि ही संख्या त्यांनीच मोजावी अशी 13:18 ची अपेक्षा आहे. हिब्रूत अक्षरांनाच अंकमूल्य असतं. ‘नेरोन केसर’, म्हणजे रोमी सम्राट नीरो, हे नाव मांडा: 50, 200, 6, 50; पुढे 100, 60, 200. बेरीज 666! लॅटिन वळणाने ‘नेरोन’मधला शेवटचा ‘न’ गाळला की उरतात 616, आणि काही जुन्या हस्तलिखितांत नेमकी तीच संख्या आहे. सगळेच अभ्यासक नीरोवर थांबत नाहीत. तरी बारकोडपेक्षा हे उत्तर त्या वाचकांच्या कितीतरी जवळचं.

आपल्याच मंडळीची मांडणी शेवटचा शब्द धरू नका. महासंकटाआधी, म्हणजे शेवटच्या काळातल्या मोठ्या क्लेशाआधी, विश्वासणारे वर स्वर्गात उचलले जातील, ही शिकवण 1830 च्या दशकात जॉन नेल्सन डार्बीने रुजवली आणि 1909 च्या टिपांसहितच्या स्कोफिल्ड बायबलने घरोघरी नेली. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि कितीतरी प्रोटेस्टंट तसं मानत नाहीत. प्रकटीकरण 20 मधलं ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्यही प्राचीन मंडळीतल्या ऑगस्टीनपासून अनेकांनी प्रतीक म्हणूनच वाचलंय.

ग्रुपवर नवा व्हिडिओ आला तर आधी वचन कोणतं ते विचारा, मग तो अख्खा अध्याय वाचा. नोकरी सोडा, घर विका, पैसे पाठवा असं त्यात असेल तर पाळकसाहेबांना दाखवा. थेस्सलनीकातही पौलाच्या नावावर ‘प्रभूचा दिवस आलाच’ असं पसरत होतं (2 थेस्सलनी 2:2). फॉरवर्ड तेव्हाही होतेच म्हणायचे! त्याच पत्रात पुढे काम टाकून बसलेल्यांना त्याने चांगलं खडसावलंय.