विमानाचं अंतर आणि वेळ मोजताना या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत लोकांना विमानाची तिकिटं काढून देताना एक गोष्ट पक्की कळली. परदेशाचं विमान ट्रॅफिकमुळे कमी चुकतं, तिकीट न वाचल्यामुळे जास्त.

सगळ्यात महागात पडते ती तारखेची चूक. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१५ तारीख, ०१.३०' असेल तर घर १४ ला सोडायचं. ओळखीचे एक काका-काकू लेकीच्या बाळंतपणाला लंडनला निघाले होते. १४ च्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसले, सकाळी मुंबईत उतरले, दिवसभर दादरला भाच्याकडे आराम केला आणि रात्री नऊला सहार विमानतळावर पोहोचले. दारावरचा जवान तिकीट बघून म्हणाला, "काका, हे विमान काल रात्रीच गेलं." ते उडालं तेव्हा हे दोघं रेल्वेत झोपलेले होते. जाण्याचा टप्पा चुकला की बहुतेक कंपन्या परतीचं तिकीटही रद्द करतात, म्हणजे दोन्हीकडचे पैसे गेले. डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन काकू रडत होत्या. आता मी प्रत्येक तिकिटावर लाल पेनाने लिहूनच देतो: 'कोल्हापूर सोडायचं १४ ला, दुपारी १२.'

दुसरी चूक वजाबाकीची. मुंबईहून पहाटे २ ला निघालं, न्यूयॉर्कला सकाळी ८ ला पोहोचलं, म्हणून सहा तास लागले असं कॉलेजची पोरंसुद्धा सांगतात. तिकिटावरची वेळ त्या त्या गावची असते. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणजे हिवाळ्यातला हा प्रवास साडेसोळा तासांचा. दोन्ही वेळा कागदावर भारतीय वेळेत मांडा. मोबाइलवर घाईने बघून हे डोक्यात बसत नाही.

अंतराला वेगाने भागूनही भागत नाही. मुंबई-न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर, ताशी नऊशेने चौदा तास होतात. पण बंद हवाई हद्दींना वळसा पडतो, धावपट्टीपर्यंत जाण्यातही वेळ जातो, आणि उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहत असल्याने जाताना ते समोरून येतात. म्हणूनच येतानाचा प्रवास सहसा लवकर होतो.

नकाशावर विमान उत्तरेला वाकून जाताना दिसलं तर घाबरू नका. पृथ्वी गोल आहे, जवळची वाट तीच.

मुंबईत आता दोन विमानतळ आहेत. सहार की नवी मुंबई, ते आधी बघा.

आणि हे सगळे तास मुंबईपासूनचे. कोल्हापूर-मुंबई पावणेचारशे-चारशे किलोमीटर, त्यात महामार्गाची कामं. मी रस्त्याला दहा तास आणि विमानतळावर तीन तास धरतो. "सात तासांत पोहोचतो" म्हणणाऱ्याशी मी वाद घालतो. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून विमानाने मुंबई गाठणार असाल आणि पुढचं तिकीट वेगळं असेल, तर पावसाळ्यात एक दिवस आधीच जा. पहिल्याला उशीर झाला तर पुढची कंपनी थांबत नाही.