आधी ग्रिलची किल्ली शोधा

दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हाच घरातली आगीसाठीची तयारीही उरकून घ्या. फराळ सुरू झाला की होत नाही.

मागच्या वेळी मी सगळं केलं होतं. अग्निशामक आणला, कागदपत्रांची फाइल लावली, फ्रिजवर नंबर चिकटवले, वर शेजारणीला दाखवूनही झालं. आणि पहाटे पावणेतीनला तळमजल्यावरच्या मीटर बॉक्सने पेट घेतला तेव्हा आम्ही पाचजण तिसऱ्या मजल्यावर गॅलरीच्या ग्रिलला धरून उभे होतो. लाइट गेलेली, जिन्यात काळा धूर, खाली उतरायची सोय नाही. ग्रिलला एक छोटी खिडकी आहे, अशाच वेळेसाठी ठेवलेली. तिला कुलूप होतं. किल्ल्या खारीच्या जुन्या डब्यात, एकोणतीस, एकीवरही चिठ्ठी नाही. मोबाइलच्या उजेडात एकेक लावून बघतोय, सासरे खोकतायत, शिडीवर आलेला जवान शांतपणे विचारतोय, “ताई, किल्ली?” शेवटी त्याने कटरने कुलूप तोडलं. त्याने तोडलं म्हणून हे लिहितेय.

तेव्हा पहिलं काम ग्रिल. आज संध्याकाळी त्या कुलपात किल्ली घालून फिरवून बघा. फिरत नाही ना? चार पावसाळ्यांनी आतून गंज धरलाय. लोखंडी असेल तर फेका, पितळी आणा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. किल्ली ग्रिलजवळच भिंतीवर, खिळ्याला, लाल दोरीने. डब्यात नाही, पर्समध्ये नाही, “माहितेय मला कुठेय ते” हे तर मुळीच नाही. लहान मूल असेल तर खिळा त्याच्या हाताला लागणार नाही इतका वर, पण घरातल्या सगळ्यात बुटक्या मोठ्या माणसाचा हात पोचेल असा. चोराची भीती वाटते त्यांच्यासाठी: बाहेरून हात घालून पोचणार नाही एवढं अंतर ठेवा, झालं. आणि त्या खिडकीसमोरून तुळशीच्या कुंड्या, रद्दी, मोडका कूलर हलवा. आमच्याकडे कूलर होता.

आता स्वयंपाकघर. गॅसच्या रबरी नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की बदला, तडा दिसायची वाट बघू नका. रात्री रेग्युलेटर बंद. वास आला तर कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. लावायचं तर नाहीच, बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्ही वेळा पडते. एक्झॉस्ट फॅन लावून वास घालवायला जातात लोक, तसलं काही करू नका. रेग्युलेटर फिरवून बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जा आणि मग १९०६ ला फोन. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून दार खालपासून उघडं हवं. पाइपचा गॅस उलट हलका, वर जातो.

चकल्या तळताना फोन आला तर तो वाजू द्या. कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करून वर परात झाकायची आणि निवेपर्यंत उचलून बघायची नाही. पाणी ओतायचं नाही, कढई उचलून मोरीकडे पळायचं नाही. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल अंगावर उडतं. नायलॉनचा गाऊन घालून तळायला बसू नका, हे सांगायला नको, पण मीच बसते.

देव्हारा लाकडी, त्याला पडदा, वर कागदी तोरण, खाली समई: असं सगळ्यांकडे असतं. दिवा विझला म्हणू नये, मालवला म्हणावं, हे मान्य. पण झोपण्याआधी मालवा.

वायरिंगचं एकच सांगते. गीझर, इस्त्री, हीटर एक्स्टेंशन बोर्डावर लावायचे नाहीत. डीबीत, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य खटक्यांच्या पेटीत, एक छोटं टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. ई-स्कूटर जिन्यात चार्जिंगला लावणारे शेजारी असतील तर भांडा. जिना ही आपली वाट आहे, आणि मीटरही बहुतेक तिथेच असतात.

पुन्हा ग्रिल. महिन्याच्या एक तारखेला किल्ली फिरवून बघायची, मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलंय. डोळे मिटून उघडता आलं पाहिजे, कारण त्या रात्री दिसत नाही. मुलाला एकदा उघडायला लावा. सासऱ्यांनाही लावा. माझ्या सासऱ्यांना तीनदा करून बघावं लागलं, तिसऱ्यांदा चष्म्याशिवाय जमलं.

धूर जिन्यात असेल तर उतरायचं नाही. लिफ्ट तर नाहीच. दार लावून फटीला ओली चादर, १०१ किंवा ११२, आणि गॅलरीत. घरातच धूर भरला तर रांगत जायचं, खाली हवा बरी असते. पत्ता सांगताना आधी इमारतीजवळची खूण सांगा, विंगचं नाव नंतर. आमच्या गल्लीत सई नावाच्या तीन इमारती आहेत.

अग्निशामक दाराजवळ ठेवा, शेगडीमागे नको. त्यावरचा दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. पिन ओढायची, आगीच्या मुळाशी मारायचं, ज्वाळेवर नाही. आग कपाटाएवढी झाली असेल तर नाद सोडून बाहेर पडा.

सोसायटी: २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं, सेक्रेटरींना विचारा. ते चिडतील. गच्चीच्या दाराची किल्ली कुणाकडे तेही विचारून घ्या. ती नेमकी वॉचमनच्या दुसऱ्या पँटच्या खिशात निघते.

बाकी पटापट. खाली उतरल्यावर जमायची एक जागा, आमची समोरची डेअरी. सासऱ्यांच्या गोळ्या फाइलसोबत. कागदपत्रांचे फोटो मुलीच्या फोनवर. मांजर असेल तर पिशवी. चपला पलंगाखाली. टॉर्च उशाशी, आणि त्यातले सेल रिमोटला लावायचे नाहीत, हे घरातल्या मॅचवाल्यांना सांगून ठेवा.