गोव्याच्या पावसात तबकड्या जपताना या चुका टाळा

चवथीच्या साफसफाईत आम्ही पत्र्याची ट्रंक उघडली आणि आधी वास आला, ओल्या गोणपाटाचा. आत बाबांच्या साठेक एलपी होत्या, म्हणजे गाण्यांच्या व्हिनाइलच्या मोठ्या तबकड्या. मृगाचा पहिला पाऊस आला त्या संध्याकाळी त्यांनी त्या घाईघाईने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, कडी घट्ट लावून ठेवल्या होत्या. जपण्यासाठीच. तीन महिन्यांत कव्हरांवर राखाडी ठिपके पडले होते, दोन कव्हरे एकमेकांना चिकटली होती, आणि एका तबकडीवर लेबलापासून कडेपर्यंत तांदळाचे पीठ भुरभुरावे तशी पांढरी बुरशी पसरली होती. बाबा ती तबकडी हातात धरून बराच वेळ उभे होते.

तेव्हापासून घरातल्या तबकड्यांचे मीच पाहतो. एलपी, आजोबांच्या वेळच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) आणि नंतर जमत गेलेल्या सीडी मिळून फोंड्याच्या आमच्या चिऱ्याच्या घरात आज दीड हजारांवर आहेत. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. आपल्याकडे तबकड्या बिघडतात त्या कोंडलेल्या ओलीने, आणि ती ओल बहुतेक वेळा आपणच त्यांच्याबरोबर कपाटात बंद केलेली असते.

पाऊस सुरू झाल्यावर पेटी बंद करणे

पणजीला वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर राहते. बुरशीला ६५-७० टक्केही पुरतात. कव्हराचा कागद, लेबलाची खळ, तबकडीवर उमटलेले बोटांचे तेल, एवढे तिला खायला भरपूर झाले. जूनमध्ये पेटी बंद केली की आत जूनचीच हवा राहते, शिवाय कव्हरांच्या कागदाने शोषलेले पाणी वेगळेच. पेटीत किंवा डब्यात भरायच्या असतील तर जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत भरा, तेही कव्हरे दोन दिवस पंख्याखाली सुकवून. पावसाळ्यात त्या पेटीला हात लावू नका.

रोज ऐकायच्या तबकड्या मात्र उघड्या रॅकवरच बऱ्या. त्या खोलीत एक आर्द्रतामापक ठेवा. आकडा ५५ च्या खाली असेल तर निश्चिंत राहा, ६५ च्या वर दोन-तीन दिवस टिकला तर काहीतरी करायलाच हवे. खिडक्या लावून आर्द्रता शोषणारे यंत्र चालवणे हा सगळ्यांत खात्रीचा उपाय. त्याच्या टाकीत एका रात्रीत जमलेले पाणी पाहिले की खोलीत काय होते ते समजते. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या रॅकवर ठेवणे म्हणजे निव्वळ खर्च. त्या दोन दिवसांत भरून जातात. बंद डब्यात त्यांचा उपयोग आहे, पण निळे दाणे गुलाबी झाले की सुकवून पुन्हा निळे करायला हवेत. हे करायचे बहुतेक जण विसरतात.

रात्री एसी आणि दिवसा खिडक्या सताड उघड्या, ही चूक शहरातल्या फ्लॅटमध्ये फार दिसते. एसीने थंड झालेल्या तबकडीवर बाहेरची दमट हवा आली की तिच्यावर दव धरते, थंड पाण्याच्या तांब्यावर धरते तसेच. रोज असे होण्यापेक्षा एसी न लावलेला चालेल. लावलाच तर सकाळी बंद केल्यावर तासभर खोली बंद राहू द्या, मग खिडकी उघडा.

चिऱ्याच्या भिंतीला कपाट टेकवणे

याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण जुन्या घरांतले निम्मे नुकसान इथूनच होते. जांभा सच्छिद्र असतो. घराच्या पायातले पाणी तो वर ओढतो, आणि पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो म्हणून दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या भिंती आतपर्यंत ओल्या होतात. रंग लावलेल्या भिंतीवर ती ओल दिसतही नाही. तळवा टेकवून पाहा, शेजारच्या आतल्या भिंतीपेक्षा गार लागली तर ती भिंत ओली आहे असे समजा. आमचे कपाट वर्षानुवर्षे पश्चिमेच्या भिंतीला चिकटून होते. बुरशी नेहमी मागच्या कडेलाच लागायची, पुढून बघणाऱ्याला काही कळायचे नाही.

कपाट घराच्या आतल्या भिंतीकडे न्या, तिथेही मागे चार-पाच इंच मोकळे सोडा, खालचा खण जमिनीपासून वीतभर तरी वर घ्या. राजांगणाकडे, म्हणजे घरातल्या उघड्या चौकाकडे, उघडणारी खोली हवेशीर वाटते, पण पागोळ्यांचे तुषार आत येतात, तेव्हा ती नको. पोटमाळा तर अजिबात नको. मे महिन्यात कौलांखाली भट्टी असते आणि एखादे कौल सरकले की जूनमध्ये गळती. वाळवीसाठी कपाटाचे पाय आणि मागची फळी महिन्यातून एकदा टॉर्च मारून बघावी. मातीची बारीकशी नळी दिसली तरी त्याच दिवशी कपाट रिकामे करा.

आडव्या थप्प्या, कलत्या रांगा

तबकड्या उभ्या ठेवायच्या, पुस्तकासारख्या, एलपी असो वा ७८. आडव्या थप्पीत खालच्या तबकड्यांवर वरचा सगळा भार येतो. उभ्या ठेवून त्या कलू दिल्या तरी वाकतात. दर फूट-सव्वा फुटावर घट्ट फळी हवी आणि रांग इतकीच भरायची की एक तबकडी दोन बोटांनी सहज ओढता यावी. दहा इंची आणि बारा इंची एकत्र लावू नका; मोठीला लहानीचा आधार अर्धाच मिळतो.

वजनाचा अंदाज लोकांना नसतो. कव्हरासकट एक एलपी साधारण पाव किलो, म्हणजे हजार एलपी म्हणजे अडीचशे किलो. तीन फुटांच्या एका खणात साठेक किलो बसतात. भुशाच्या दाबीव फळ्यांचे फर्निचर आपल्या हवेत आधी फुगते, मग मध्ये खचते. जाड प्लायवुड किंवा सागवान घ्या, आणि जुन्या घरात लाकडी तुळयांच्या मजल्यावर एवढे ओझे खोलीच्या मधोमध ठेवू नका.

चुकीचे पाणी, चुकीचा बोळा

केरीच्या केसरबाई केरकरांचे गाणे १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले, ते सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. आपल्या घरातल्या जुन्या ७८ च्या तबकड्या लाखेच्या आहेत, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. माझ्या मामांनी दीनानाथांची एक नाट्यपदाची तबकडी फेणीत बुडवलेल्या बोळ्याने पुसली होती. काळा रंग बोळ्यावर आला, तेव्हा त्यांना वाटले मळ निघतोय. ती बाजू पुन्हा नीट वाजली नाही. फेणी, स्पिरिट, सॅनिटायझर, काचा पुसायचे द्रव, यांतले काहीही ७८ च्या जवळ आणू नका. ती ओळखायला सोपी आहे. एलपीपेक्षा जड, जराही न वाकणारी, पडली तर काचेसारखी फुटणारी.

धुवायची असेल तर डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, आणि हात खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा. लेबल कोरडे ठेवायचे. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून घ्यायचे आणि सावलीत उभी सुकवायची. विहिरीचे किंवा नळाचे पाणी सुकताना खाचांत क्षार सोडते.

डांबराच्या गोळ्या कपड्यांच्या कपाटातच राहू द्या. सीडीच्या पारदर्शक डब्या पॉलिस्टायरिनच्या असतात, आणि या गोळ्यांच्या वाफेने ते प्लॅस्टिक मऊ आणि चिकट होऊ शकते. कसर लागू नये म्हणून कव्हरांमध्ये वर्तमानपत्र घालू नका. कसरीला तोच कागद आवडतो.

सीडी

सीडीच्या बाबतीत उलटे असते. गोल पुसू नका, मधून कडेकडे सरळ पुसा. खालच्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लॅस्टिक आहे, तिथला ओरखडा बऱ्याचदा पॉलिशने निघतो. नावाच्या बाजूला मात्र चकाकणाऱ्या थराच्या वर फक्त लाखेसारखा पातळ लेप असतो. तिथे बॉलपेनने लिहिणे, चिकटपट्टी लावणे, लावलेले लेबल उचकटणे, यांतून कायमचे नुकसान होते. घरी उतरवलेल्या सीडी आधी जातात, कारण त्यांतल्या रंगद्रव्याला ऊन आणि उष्णता सोसत नाही. त्यांची प्रत आजच हार्डडिस्कवर घ्या.

बिघाड झालाच असेल तर

पांढरे ठिपके दिसले की वाजवून बघायचा मोह होतो. वाजवू नका, सुई बुरशी खाचांत दाबते. तोंडाला मास्क बांधून बाल्कांवात, म्हणजे दारासमोरच्या ओसरीवर, जा, तबकडी तिथेच पुसा आणि बाकीच्या संग्रहापासून महिनाभर वेगळी ठेवा. आतले कागदी पाकीट टाकून द्या. धुतल्यावरही धुक्यासारखा पांढरट पट्टा तसाच राहिला आणि त्या जागी खरखर ऐकू आली, तर ती बुरशी नसून मऊ पीव्हीसी पाकिटाचा परिणाम असण्याची शक्यता जास्त. तो पुसून जात नाही. बाकीच्या तबकड्या तशा पाकिटांतून लगेच बाहेर काढा.

गाणे लाटेसारखे वरखाली होत असेल तर तबकडी वाकली आहे. ती उन्हात ठेवून सरळ करायला जाऊ नका. व्हिनाइल साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तेवढे सहज होते. दोन सपाट जाड काचांमध्ये ठेवून वर पुस्तकांचे वजन द्या आणि काही आठवडे वाट बघा. थोडा बाक असेल तर जातो, जास्त असेल तर जात नाही.

सीडी अडकत असेल तर ती दिव्यासमोर धरा. सुईच्या टोकाएवढी उजेडाची छिद्रे दिसली तर चकाकीचा थर गेला आहे. पॉलिशवर पैसे घालवू नका, जे वाचता येते ते उतरवून घ्या.

चिकटलेली कव्हरे ओढून सोडवू नका. आतल्या तबकड्या अलगद काढा, कव्हरे कोरड्या खोलीत उभी ठेवा आणि रोज थोडी कड सुटते का एवढेच बघा. बाबांच्या ट्रंकेतली ती दोन कव्हरे सुटायला अकरा दिवस लागले. एकावरच्या गायकाच्या खांद्याजवळचा कागद दुसऱ्यावर राहिला. ती दोन्ही मी आजही शेजारी-शेजारी लावतो, आता दोघांमध्ये एक जाड प्लॅस्टिकचे पाकीट असते.