लॉनवर माती टाकण्याआधी

संक्रांत झाली की अंगणाच्या कामाला लागा, होळीची वाट बघू नका. मागच्या वर्षी मी होळीच्या सुट्टीत सगळं एका दिवसात उरकलं आणि एप्रिलमध्ये आमच्या दारात लॉन कमी, लव्हाळा जास्त अशी अवस्था झाली. नेरुळचं रो-हाउस, पुढे दहा बाय पंधरा फुटांचा हिरवा तुकडा, त्याची ही गत. खालचं बाकी काहीही गाळलंत तरी चालेल, माती चाळायची गाळू नका.

पहिलं काम माती आणायचं. कापणी नाही, खत नाही, माती. जानेवारीअखेर गोण्या दारात आल्या पाहिजेत, म्हणजे ती वाळवायला आणि तपासायला वेळ मिळतो. दीडशे चौरस फुटांवर अर्धा इंच थर द्यायचा तर सिमेंटच्या रिकाम्या पाच-सहा गोण्या भरतील एवढं मिश्रण लागतं: तांबडी माती, जुनं शेणखत, थोडी रेती. नर्सरीवाला म्हणतो, "चाळलेलीच आहे, साहेब." मलाही म्हणाला होता. मी मान डोलावली, गोण्यांची तोंडं कापली आणि थेट लॉनवर ओतल्या.

चाळा. ओली असेल तर आधी ताडपत्रीवर दोन दिवस पसरा, नाहीतर नुसती ढेकळं घरंगळतात आणि आत काय आहे ते कळत नाही. गवंडी वाळू चाळतात तसली पाव इंची जाळी तिरकी उभी करायची आणि फावड्याने माती तिच्यावर मारायची. जाळीच्या पायाशी जे साठेल ते हाताने चिवडून बघा. खडे, मुळ्या, विटेचे तुकडे आणि त्यांच्यात शेंगदाण्याएवढ्या काळपट, केसाळ गाठी. एक नखाने फोडा. आतून पांढरी, आणि वास दिवाळीच्या उटण्याचा. नागरमोथाच तो, म्हणजे आपला लव्हाळा. गाठीतून पात येते, जमिनीखाली दोऱ्यासारखं खोड धावतं, त्याला पुढची गाठ, तिला तिची पात. वरून उपटलं की पात हातात येते, गाठ खालीच राहते आणि थोड्याच दिवसांत परत डोकं वर काढते. मे महिनाभर मी रोज सकाळी उकिडवा बसून उपटत होतो. शेजारच्या काकांनी दोनदा विचारलं, "काही हरवलंय का?" महापुरात झाडं जातात आणि लव्हाळं वाचतं, हे शाळेत फार कौतुकाने शिकलो होतो. उसात लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे तणनाशक मारतात, पण जिथे घरातलं पोर अनवाणी पळतं तिथे मला फवारणी नको होती. निघालेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका; फरशीवर कडक उन्हात खडखडीत वाळवा, मग कचऱ्यात.

चाळूनही बारीक गाठी निसटतात. म्हणून चाळलेली कुंडीभर माती घ्या, पाणी घाला, उन्हात ठेवा आणि पंधरा दिवस थांबा. चकचकीत टोकदार पाती वर आल्या तर देठ बोटांत फिरवून बघा. तीन धारा लागल्या की लव्हाळा. मग ती माती लॉनवर जाणार नाही, कितीही पैसे मोजलेले असोत. शेणखताचंही तेच, चाळा. शिवाय पूर्ण कुजलेलं हवं. कच्च्या शेणात हुमणी अळी होते आणि ती गवताची मुळं खाते.

या पंधरा दिवसांत लॉन तयार करायचं. नेहमीपेक्षा खाली कापा, पण बुंध्यापर्यंत खरवडू नका. वाळकं गवत पंज्याने ओढून काढा. नवी मुंबईत बऱ्याच ठिकाणी भराव आहे. आमच्याकडे वीतभर खाली मुरूम लागतो आणि वरची माती पायाखाली दगड होते. सळईने चार-चार बोटांवर भोकं पाडा, तीनेक इंच खोल. कंटाळवाणं आहे, पाठ धरते, पण करा. लव्हाळ्याची जुनी जागा असेल तिथे मात्र सळई नको, खुरपं घ्या आणि गाठींसकट खणून काढा. बहुतेक गाठी वरच्या सहा इंचांतच असतात.

मग माती. चाळलेली. परत सांगतो, चाळलेली. झाडूने भोकांत लोटा. गवताची टोकं वर दिसली पाहिजेत, गाडलंत तर पिवळं पडतं. युरिया द्यायचाच तर थोडा, पाण्यात विरघळवून. मुठीने फेकलात तर जळके चट्टे पडतात. आठ-दहा दिवस सकाळी हलकं पाणी. मार्चच्या मध्यापर्यंत गवताने जीव धरला पाहिजे, कारण पुढे ऊन तापतं, आणि नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे धरणाची पातळी उतरायला लागली की पाइपने अंगण भिजवताना शेजाऱ्यांच्या नजरा बोचतात.

झाडांचं थोडक्यात. आंब्याला मोहर आहे, हात लावू नका. झाड तोडायचं तर, आपल्या अंगणातलं असलं तरी, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते; १९७५ पासून तसा कायदा आहे. मोठ्या फांद्या छाटायच्या तरी उद्यान विभागात आधी विचारा. बदामाची पानं लाल होऊन गळतील, जाळू नका, गोणीत दाबून कुजवा.

बाकी किरकोळ. कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा, डास होतात. पाइपची क्लिप बदला. कात्रीला धार. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण असेल तर साबणाचं पाणी. पाडव्याला पाहुणे आले तर खुर्च्या फरशीवरच मांडा.

आणि चाळणी जवळच्या साइटवरच्या गवंड्याकडून मागून आणली असेल तर सोमवारी सकाळी कामं सुरू व्हायच्या आत परत द्या.