पावसाळ्यात फुगलेली लाकडी फरशी

मे महिन्यात ठाण्याच्या घरी बेडरूममध्ये क्लिकची लाकडी फरशी मीच बसवली. गोंद नाही, खिळा नाही. पट्टी तिरकी धरून खाचेत घालायची, खाली दाबली की टक्! जुलैत मधोमध उंचवटा आला, पाय ठेवला की दबायचा.

चूक माझीच. नीटनेटकं दिसावं म्हणून पट्ट्या थेट भिंतीला भिडवल्या होत्या. दमट हवेत लाकूड आडवं फुगतं, त्याला सरकायला जागाच नव्हती.

खोली रिकामी केली, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) काढलं. शेवटची रांग सोडवून २० मिलिमीटर कापली, मग ठोकळा लावून ठोकत ठोकत अख्खी फरशी हळूहळू सरकवली, दोन्ही कडांना १०-१० मिलिमीटर फट. (शेजारचे दोनदा विचारून गेले.) नवं स्कर्टिंग फट झाकेल एवढं जाड घेतलं, खिळे भिंतीत, फरशीत नाहीत. उंचवटा आठवड्याभरात बसला.