जुन्या गिटारचा ब्रिज उचलला असेल तर

वडिलांनी किंवा काकांनी वाजवलेली जुनी अकूस्टिक गिटार माळ्यावरून खाली काढल्यावर नव्या तारा चढवण्याची घाई करू नये. आधी ब्रिजच्या, म्हणजे गिटारच्या वरच्या फळीवर चिकटवलेल्या आणि तारांची खालची टोके धरणाऱ्या लाकडी पट्टीच्या, मागच्या कडेखाली साध्या कागदाची पट्टी हलकेच सरकवून पाहावी. ती आत शिरली तर ब्रिज वरच्या फळीपासून सुटू लागला आहे, असे समजून तारा लगेच सैल कराव्यात, कारण स्टीलच्या ‘लाइट’ जाडीच्या सहा तारांचा एकत्रित ताणही सुमारे ७० किलो असतो आणि तो पातळ फळीचे तंतू ओरबाडून काढू शकतो.

या फटीत घरातला फेव्हिक्विक किंवा एपॉक्सी मात्र कधीही भरू नये. अनेक जुन्या गिटारी सरसाने, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाने, जोडलेल्या असतात. सरस उष्णतेने आणि ओलाव्याने मऊ होतो, म्हणून कारागीर तो जोड लाकडाला इजा न करता उकलू शकतो, पण एपॉक्सी बसला की हे काम फार अवघड होते. वाद्य मोडण्यापेक्षा अशा दुरुस्तीनेच अधिक बिघडते, असे माझे ठाम मत आहे.

जपणुकीसाठी गिटारच्या पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राखावी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या लागतात आणि त्या वेळोवेळी बदलाव्या लागतात. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत गिटार थोडा वेळसुद्धा ठेवू नये.